घरातला पोल, क्लासमधला पोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोल, म्हणजे धातूच्या उभ्या खांबावरचं नृत्य आणि कसरत, शिकायला येणाऱ्यांचे पहिल्या महिन्यातले प्रश्न कसरतींचे नसतातच. स्लॅब पेलेल का, हात का घसरतो, जोडवी काढायची का, संकष्टीला क्लासला यायचं का, असलेच असतात. इंटरनेटवर उत्तरं भरपूर मिळतात, पण ती बहुतेक लाकडी छपरांच्या घरांसाठी आणि कोरड्या हवेसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे आरसीसी स्लॅब, छताच्या बरोबर मधोमध पंखा आणि जून ते सप्टेंबर घामाच्या धारा. त्यामुळे खालची उत्तरं मुंबई-पुण्याचा फ्लॅट आणि कोकण-गोव्याची हवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

पोल डान्स, पोल फिटनेस, पोल स्पोर्ट ही वेगवेगळी प्रकरणं आहेत का?

उपकरण एकच, हेतू वेगळे. उंच टाचा घालून संगीतावर केलेलं नृत्य, ताकदीसाठी केलेला व्यायाम आणि गुण देऊन होणारी स्पर्धा, तिन्हींत तोच खांब असतो. स्पर्धेत दोन खांब असतात, एक स्थिर आणि एक स्वतःभोवती फिरणारा. आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघाला २०१७ मध्ये जागतिक क्रीडा महासंघांच्या संघटनेने निरीक्षक दर्जा दिला, तेव्हा त्याची बातमी आपल्याकडेही झाली होती.

आजच्या पोलचा बराच भाग क्लबमधल्या नर्तकींनी घडवला आहे. ते लपवून ‘आमचं तसलं नाही हो, आमचं फिटनेस आहे’ असं सांगत फिरणं मला पटत नाही. ज्यांनी ही कला उभी केली त्यांना नावं ठेवून तीच कला शिकायची, हे बरं दिसत नाही.

घरी काय सांगू?

काही सांगण्यापेक्षा त्यांना एकदा क्लासला घेऊन या. पाहिल्यावर बहुतेक आयांची पहिली प्रतिक्रिया ‘अगं, हा तर मल्लखांब!’ अशी असते. दुसरी, ‘पडशील.’ दुसरीवर जास्त विचार करा.

मग हे खरंच मल्लखांबातून आलं का?

तसं छातीठोक म्हणता येत नाही. खांबावर कसरत करायची कल्पना वेगवेगळ्या ठिकाणी रुजलेली दिसते. चिनी सर्कशीत रबर लावलेला उंच खांब असतो, आपल्याकडे लाकडी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या स्तंभावरच्या मेहनतीचा उल्लेख येतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नव्याने उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कला झाली. त्याच मैदानावरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढी परंपरा दाराशी असताना पोलवाल्यांनी व्यायामशाळेकडे फिरकूही नये, याचं मला नवल वाटतं.

मल्लखांब केलेला आहे. पोल सोपा जाईल?

ताकद, उलटं व्हायची सवय आणि पडण्याची भीती नसणं, या तीन गोष्टींत तुम्ही इतरांच्या कितीतरी पुढे असाल. अडचण पकडीत येते. मल्लखांबाचं अंग बुंध्याशी जाड, वर निमुळतं, मग मान आणि टोकाला बोंड. त्यावर मांड्या आणि दंड कवटाळून धरतात. घर्षण जास्त होऊ नये म्हणून एरंडेल लावतात. पोल मनगटाएवढा बारीक आणि धातूचा. तो तळहाताने, गुडघ्यामागच्या खळगीने, कमरेच्या कातडीने धरायचा असतो, आणि तेलाचा थेंबही चालत नाही. दोरीचा मल्लखांब केलेल्या मुलींना बोटांची पकड लवकर जमते. पुरलेल्या मल्लखांबावर उड्या आणि दसरंगासारख्या कसरती झपाट्याने करणाऱ्यांना मात्र पोलवर सावकाश जायला शिकवावं लागतं. वेगाने झेपावलं की धातूवर कातडी सोलते.

माझे हात अगदी कमजोर आहेत. आधी जिम लावू का?

नको. पोलची ताकद पोलवरच येते. आठवड्यातून दोनदा या, घरी एक दिवस लटकण्याचा आणि पोटाचा सराव करा. दारात लावायचा बार असेल तर उत्तम. सुरुवातीला खांदे कानांपासून दूर ओढून १० सेकंद लटकता आलं तरी पुष्कळ, हळूहळू ३० सेकंदांपर्यंत न्या.

वजन जास्त आहे, वयही चाळिशीपुढचं आहे.

दोन्ही चालतं. वजनाचा प्रश्न आधी पोलला विचारायचा. प्रत्येक कंपनी कमाल वजन लिहून देते, ते वाचा. वयाचा प्रश्न डॉक्टरांना. रक्तदाब काबूत नसेल, काचबिंदू असेल, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं असेल, हर्निया असेल किंवा मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उलटं व्हायचं नाही. उलटं न होताही पोलवर वर्षभर पुरेल एवढं करण्यासारखं आहे.

घरी पोल बसवायचा आहे. काय पाहू?

आधी वर बघा. घरगुती पोल बहुतेक दाबावर उभे राहतात. जमीन आणि छत यांच्यामध्ये पोल फाकवून घट्ट करायचा, स्क्रू नाही की भोक नाही. म्हणजे सगळा भरवसा छतावर. आरसीसी स्लॅब असेल तर बहुतेक वेळा काम होतं. जुन्या चाळीतलं किंवा वाड्यातलं तुळयांवरचं छत, पत्रा, कौलं, प्लायवूडची माळ्याची फळी, यांतलं काहीही चालत नाही.

पीओपीचं फॉल्स सीलिंग हे फ्लॅटमधलं सगळ्यात मोठं संकट. खालून ते अगदी स्लॅबसारखं दिसतं. बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ वाजलं की विषय संपला. त्यावर दाब दिला तर जिप्समचा तुकडा, पोल आणि तुम्ही असे तिघेही खाली याल. ज्या खोलीत पीओपी नाही ती निवडा, नाहीतर तेवढा चौकोन कापून वरचा स्लॅब उघडा करून घ्या. हे काम पीओपीवाल्याकडूनच करवून घ्या, कारण आत दिव्यांच्या वायरी असतात.

उघडा स्लॅबही ठोकून बघायचा. समुद्राकाठच्या इमारतींत आतली सळई गंजून फुगते आणि प्लास्टर सुटतं. तडा दिसला, पोपडा दिसला, ओल दिसली, तर ती जागा सोडा. वर गच्ची असेल आणि दरवर्षी पावसात डाग पडत असतील तर जास्तच जपा. जमिनीचंही तसंच. व्हिट्रिफाइड टाइल खालून पोकळ वाजत असेल तर बेसच्या दाबाने तडकते. पोलच्या तळाखाली कंपनीने दिलेलं रबर असतंच. वर आणखी पायपुसणं, चटई असं काही घालायचं नाही.

आता पंखा. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून सुमारे दोन फूट जातं. पोलवर आडवं झाल्यावर तुमची टाच पोलपासून सहज पाच फुटांवर पोचते, आणि उलटं झाल्यावर ती पंख्याच्याच उंचीला असते. १० बाय १२ च्या बेडरूममध्ये हे गणित बसवता बसत नाही. ‘पंखा बंद ठेवीन’ हे उत्तर नाही, बंद पात्यानेही पाय कापतो. त्या खोलीतला छताचा पंखा काढा आणि भिंतीवरचा लावा. पोलच्या चहूबाजूंनी दीड मीटर मोकळं हवं: पलंगाचा कोपरा नाही, टीव्ही नाही, काचेचं कपाट नाही, उंबरठा नाही.

जागा ठरली की ओळंबा. गवंड्याकडचा साधा ओळंबा छतापासून सोडा आणि खाली खूण करा. स्पिरिट लेव्हल असेल तर पोलच्या दोन बाजूंना लावून तपासा. तिरका पोल दाबावर उभा राहतो खरा, पण फिरत फिरत सरकतो. घट्ट किती करायचं हे कंपनीच्या कागदावर असतं. जास्त पिळलं तर प्लास्टर फुटेल. मग लगेच चढू नका. एका हाताने धरून वजन टाका, चारी दिशांनी ढकला, पाय जमिनीपासून वीतभर उचलून लटका. ही तपासणी पहिल्याच दिवशी नाही, रोज, चढायच्या आधी.

भाड्याचं घर आहे. घरमालकाला कळेल?

छतावर गोल ठसा उठतो, पुसून जातो किंवा रंगाच्या एका हातात झाकतो. पण सांगूनच करा. भोकं पाडून कायमचा बसवायचा असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि वरच्या मजल्याची न्हाणी त्याच जागी नाही ना तेही बघा. स्वतःचा प्लॅटफॉर्म असलेला पोलही मिळतो. त्याला छताची गरज नाही, पण बेस रुंद आणि जड असतो आणि थोडा हलतो. नवशिक्याने त्यावर उलटं व्हायला शिकू नये.

किती जाडीचा घेऊ?

४५ मिमी. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धेत तोच असतो आणि बहुतेकांच्या हाताला बसतो. ५० मिमी अनेक जुन्या स्टुडिओत दिसतो. तो मांडीला बरा, पण लहान तळहाताला जड जातो. ४० मिमी खूपच लहान हातांसाठी.

स्टील, क्रोम, पितळ... गोंधळ होतो.

क्रोम सगळीकडे मिळतो, पकड चांगली देतो, सुरुवातीला तोच घ्या. क्रोमच्या थराखाली निकेल असतं. नकली दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांना क्रोमही त्रास देऊ शकतो, त्यांच्यासाठी स्टेनलेस स्टील किंवा पावडर कोटिंग. स्टेनलेस टिकाऊ, पण जरा निसरडा. पितळ दमट हवेत उत्तम धरतं, म्हणून किनाऱ्याकडच्यांना मी पितळच सांगते. काळं पडलं तरी बिघडत नाही. पितांबरीने चकचकीत घासू मात्र नका, पॉलिशचा राहिलेला अंश घसरवतो. पावडर कोटिंग आणि सिलिकॉनवर लेगिंग घालूनही पकड मिळते, पण त्यावर फिरणं आणि घसरत खाली येणं कठीण. कातडी भाजल्यासारखी होते.

फॅब्रिकेटरकडून रेलिंगचा पाइप लावून घेतला तर? पैसे वाचतात.

हा प्रश्न वरचेवर येतो आणि उत्तर ‘नाही’ असं एका शब्दात देता येत नाही. चांगला फॅब्रिकेटर स्लॅबला आणि जमिनीला अँकर फास्टनरने प्लेट मारून, मधे जोड नसलेला अखंड पाइप बसवू शकतो, आणि तो भक्कम असतो. पण बाजारातला पाइप इंचात येतो. दीड इंची म्हणजे ३८ मिमी, हाताला बारीक. दोन इंची म्हणजे जवळपास ५१ मिमी, जाड. मधला सहसा मिळत नाही. पाइप स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडचा आणि जाड भिंतीचा घ्या. २०२ ग्रेड घामाने गंजाचे ठिपके धरतो. वेल्डिंगची रेघ हाताला लागता कामा नये. आणि हा पोल फिरणार नाही. दाबावर उभा राहणारा पोल मात्र फॅब्रिकेटरकडून अजिबात करून घेऊ नका, त्यातले आटे आणि छताला टेकणारी वरची बशी हे अंदाजाने करायचं काम नाही.

पार्टीसाठी म्हणून विकले जाणारे स्वस्त, पातळ पोलही नकोत. ते उभं राहून नाचण्यासाठी आहेत, चढण्यासाठी नाहीत.

हात सारखे घसरतात. काय करू?

आधी कारण शोधा, कारण उपाय अगदी उलट आहेत.

हात ओले असतील तर लिक्विड चॉक. म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट स्पिरिटमध्ये कालवलेलं. हाताला लावा, वाळू द्या, मगच पकडा. सुका नॅपकिन खांद्यावर ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर पोल पुसा. तुमच्या आधी चढलेल्याचा घामही पोलवरच असतो. तळहातांना बारा महिने पाणी सुटत असेल तर तो वेगळा त्रास आहे आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे त्यावर इलाज आहेत. तुरटी चोळून बघणारेही आहेत, मला फारसा फरक दिसलेला नाही.

हात कोरडे आणि गार असतील, जसे पुण्यात डिसेंबरच्या सकाळी किंवा कडक एसीत असतात, तर चॉकने आणखीच घसरेल. तिथे थोडा चिकटपणा देणारं ग्रिप लोशन लागतं. पोलही गार असतो, तो कापडाने चोळून किंवा त्याच्याभोवती पाच मिनिटं साधे स्पिन, म्हणजे गिरक्या, घेऊन कोमट करा. दमट दिवशी एसी ड्राय मोडवर ठेवलात तर दोन्ही टोकं सांभाळली जातात.

तिसरं कारण तेल, आणि आपल्याकडे नव्वद टक्के वेळा मला तेच सापडतं. सकाळी डोक्याला लावलेलं खोबरेल मानेवर उतरतं. सनस्क्रीन. आंघोळीनंतरचं बॉडी लोशन. फोडणी देऊन, पोळ्यांना तूप लावून तशाच आलेल्या बायका. क्लासच्या दिवशी अंगाला काही लावू नका. रात्री, क्लास झाल्यावर, खुशाल लावा. कातडी मऊ राहिली तर भेगा पडत नाहीत. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर त्या दिवशी तरी पोलला सुट्टी द्या.

पोल ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिटने पुसा. सिलिकॉनच्या पोलला मात्र फक्त साबण-पाणी. स्पिरिट भडकतं, तेव्हा त्याच खोलीत देवघर असेल तर आधी निरांजन शांत होऊ द्या. मल्लखांबवाल्यांची राळ पोलवर आणू नका. तिचा थर बसतो आणि तो खरवडायला अर्धा दिवस जातो.

दागिने काढायलाच हवेत? मंगळसूत्र?

हो, सगळे. अंगठी आणि बांगडीने पोलवर चरा पडतो आणि त्या चऱ्याने पुढच्याची कातडी कापते. मंगळसूत्र उलटं झाल्यावर गळ्याभोवती आवळतं किंवा तोंडात येतं. जोडव्यांचा विसर सगळ्यांना पडतो. चढताना पायाच्या बोटांवर जोर येतो आणि जोडवं बोटात रुततं. ज्यांना ती काढायची नसतील त्यांनी निदान चढायच्या दिवशी निघणारी घालावीत. नथ आणि लोंबते डूल यांच्याबद्दल बोलायलाच नको.

शॉर्ट्स घालाव्याच लागतात का? मला संकोच वाटतो.

मांडी आणि गुडघ्याची खळगी उघडी नसेल तर क्रोमच्या पोलवर बसता येत नाही. हे शोभेसाठी नाही, घर्षणासाठी आहे. पहिले काही आठवडे फिरण्याचे प्रकार लेगिंगमध्ये होतात, तोवर संकोच बराच जातो. जात नसेल तर पावडर कोटिंगचा पोल असलेला क्लास शोधा. येता-जाता वरून ट्रॅक पँट घालाच, रिक्षात बसायचं असतं.

मॅटऐवजी घरची गादी चालेल?

नाही. कापसाची गादी सरकते आणि स्प्रिंगची गादी पाय मुरगाळते. पोलभोवती बसणारी, मधे चीर असलेली, किमान १० सेमी जाडीची क्रॅश मॅट घ्या. ती डोकं वाचवेलच असं नाही. मॅट ही धरायला उभ्या असलेल्या माणसाच्या जोडीला असते, त्याच्याऐवजी नाही.

सुरुवात कशाने करायची?

चालण्याने. बाहेरचा पाय टाकत पोलभोवती चालायचं, खांदा खाली आणि मागे बांधलेला. मग पायऱ्या-पायऱ्यांनी फायरमन स्पिन, चेअर स्पिन, पोलवर बसणं, साधा क्लाइम्ब आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे शहाण्यासारखं उतरणं. जी कसरत तुम्हाला सोडता येत नाही ती तुम्हाला येत नाही.

दोन्ही बाजूंनी करा. डावी बाजू बावळट दिसते म्हणून टाळली तर सहा महिन्यांत एक खांदा दुसऱ्यापेक्षा जाड होतो आणि कंबर एकीकडे ओढली जाते. मी तर क्लासमध्ये नवी गोष्ट आधी डावीकडूनच करायला लावते. शिव्या पडतात.

सुरुवातीला १५ मिनिटं अंग गरम करा: मनगटं, खांदे, कंबर, थोड्या बैठका. थंड अंगाने स्प्लिट ताणत बसू नका, ते शेवटी.

उलटं कधी व्हायचं?

सगळ्यांना हाच प्रश्न विचारायचा असतो, बाकीचे वाटेत विचारले जातात.

पोलच्या शेजारी उभं राहा, दोन्ही हातांनी धरा, उडी न मारता गुडघे छातीशी आणा आणि पाच सेकंद थांबा. मग तितक्याच सावकाश पाय खाली. हे दोन्ही बाजूंनी, सलग तीनदा जमलं की इन्व्हर्ट, म्हणजे पोलवर उलटं होणं, शिकायला घ्यायचा. जमत नसेल आणि पाय भिरकावून वर जात असाल, तर वर जाणं होतं पण थांबणं होत नाही. खांद्याच्या ज्या स्नायूंनी भार घ्यायला हवा ते झोपलेले असतात आणि सगळा हिसका सांध्यावर बसतो. ती सवय नंतर मोडायला महिने लागतात.

उलटं झाल्यावर घाबरून हात सोडणं हा नवशिक्यांचा ठरलेला घोटाळा. म्हणून पहिले दिवस कोणीतरी कमरेशी हात धरून उभं हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ काढणारी मैत्रीण नव्हे. पाठीवर मॅटवर झोपून, पोल पायांत धरून तीच हालचाल जमिनीवर आधी करा. पोट, मांड्या, क्रम, सगळं तिथे समजतं.

वरचा हात पिळून धरायची जी पकड व्हिडिओंत दिसते तिच्या वाटेला पहिली दोन वर्षं जाऊ नका. तिच्यात खांदा आतल्या बाजूला वळून त्यावर पूर्ण वजन येतं. काही चांगले शिक्षक ती शिकवतच नाहीत, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे.

काळे-निळे डाग पडलेत. नवरा घाबरला.

मांडीच्या आत, पिंढरीवर, पायाच्या वरच्या बाजूला डाग पडणारच. त्याच जागी काही आठवडे सराव झाला की कमी होतात. दुखऱ्या जागेवर पहिल्या दिवशी बर्फ, पुढे काही नाही केलं तरी चालतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा धक्का न लागताही अंगावर डाग उठत असतील तर डॉक्टरांना दाखवा. ऑफिसात किंवा दवाखान्यात लोक वेगळाच अर्थ काढू शकतात, तेव्हा न लाजता ‘पोलचे आहेत’ असं सांगून टाका.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं.

पोलवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं. आवश्यकतेपेक्षा घट्ट धरणं आणि एका महिन्यात सराव दुप्पट करणं, ही दोन कारणं बहुतेक वेळा सापडतात. स्पिन आणि लटकणं आठवडाभर निम्म्यावर आणा. बोटांभोवती जाडसर रबरबँड घालून बोटं उघडायचा व्यायाम करा, कारण पोल मुठी मिटायला शिकवतो, उघडायला नाही. दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर फिजिओथेरपिस्ट. बोटांना मुंग्या, रात्री झोपमोड करणारं खांद्याचं दुखणं, किंवा ‘टक्’ आवाज होऊन अचानक गेलेली ताकद, यांत दोन आठवडे थांबायचं नाही.

फिरत्या पोलवर मळमळतं.

सगळ्यांना होतं. नजर स्वतःच्या वरच्या हातावर ठेवा, खोलीवर नको. दोन-तीन फेऱ्या, थांबा, पुन्हा. पोट गच्च भरलेलं नको आणि रिकामंही नको. काही महिन्यांनी सवय होते, काहींना कधीच होत नाही. त्यांनी स्थिर पोलवर राहावं.

खायचं काय? प्रोटीन पावडर घ्यावीच लागते?

आधी ताटाचा हिशोब करा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची साधारण माणसासाठी शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज सुमारे ५० ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलोमागे १.४ ग्रॅमच्या पुढे लागतं, म्हणजे ८४. चहा-पोहे, पोळी-भाजी, वरण-भात या ताटात ५० सुद्धा कष्टाने भरतात. अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, मुठीएवढ्या कोरड्या मटकीत सात, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २५. दोन्ही वेळा उसळ किंवा अंडी, दुपारी दही, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे असं केलं तर पावडरशिवाय बरंच जमतं. मासे-चिकन खाणाऱ्यांना अर्थातच सोपं.

क्लासच्या दोन तास आधी जेवा. मधे भूक लागली तर केळं. नंतर ताक किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत, मुंबईच्या घामावर त्याच्याइतकं बरं दुसरं नाही.

सतत थकवा, दम, केस गळणं असेल तर शिक्षक बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासा. आपल्याकडच्या बायकांत रक्तक्षय इतका सर्रास आहे की ‘मला ताकदच येत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा तोच निघतो.

उपवासाच्या दिवशी येऊ?

फळं-दूध घेऊन येत असाल तर या, पण जमिनीवरचं आणि ताणण्याचं करा. निर्जळी असेल तर नका येऊ. साबुदाण्याची खिचडी खाऊन येणारे म्हणतात पोट भरलंय, आणि ते खरंही असतं, पण त्यात पिष्ट आणि तूपच जास्त. उलटं झाल्यावर ती आठवण करून देते. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी त्या आठवड्यात नवी कसरत शिकायला घेऊ नये.

पाळी, गरोदरपण?

पाळीत बरं वाटत असेल तर सगळं करा, उलटंही. गरोदरपणी पोलवर नवीन सुरुवात नकोच. आधीपासून करणाऱ्यांनी जमिनीवरून पाय उचलणं थांबवावं आणि बाकीचं आपल्या डॉक्टरांना विचारावं. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधून फाकलेले असू शकतात. ते तपासून घेतल्याशिवाय इन्व्हर्टकडे वळू नका, मग आई कितीही ‘चाळीस दिवस झाले आता’ म्हणो.

मुलीला आठव्या वर्षी घालू का?

स्पर्धांमध्ये मुलांचे गट आहेत, तेव्हा मुळात अडचण नाही. पण महाराष्ट्रात राहत असाल तर मी आधी मल्लखांबाला पाठवा म्हणेन. व्यायामशाळा स्वस्त, सोबत्यांचा गोतावळा मोठा, शिकवायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली. दोरीवर मुली फार सुंदर करतात. २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी हिमानी परब मल्लखांबाचीच.

जुना पोल विकत घेऊ का?

घ्या, पण फोटोवरून नको. जोडांचे आटे हाताने फिरवून बघा, अडखळले तर झिजलेत. फिरता असेल तर कान लावून बेअरिंगचा खरखराट ऐका. वरची बशी वाकलेली नाही ना, सगळे स्क्रू आणि कंपनीची चावी सोबत आहे ना, पाहा. मग नख पोलवर वरपासून खालपर्यंत फिरवा. क्रोम कुठे सोललेला लागला तर भाव कितीही पाडून मिळो, परत फिरा. त्या कडेने मांडी कापते आणि पुन्हा मुलामा चढवून घेण्याचा खर्च नव्याच्या जवळ जातो.